आरसा डावं-उजवं उलटं करतो म्हणे! आधी आरशापुढं उभं राहून बघा

कृष्णाकाठ: काल एकाने टाकलंय की आपले डोळे आडव्या रेषेत आहेत म्हणून आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि त्यावर ढीगभर लोकांचे अंगठे. अहो, एक डोळा झाका की, काही बदलतं का? कुशीवर आडवं होऊन बघा, शर्टावरची अक्षरं तरीही उलटीच. उत्तरेच्या भिंतीवरच्या आरशापुढं उभे रहा आणि पूर्वेकडचा हात हलवा, आतलाही पूर्वेकडचाच हलतो. डोकं वर ते वरच. तुमचं नाक उत्तरेला आणि आतल्याचं दक्षिणेला, बदलतं ते एवढंच, पुढचं-मागचं. बाकी सगळं आपण करतो, आतला माणूस वळून समोर उभा राहिलाय असं धरतो आणि मग म्हणतो याचं घड्याळ उजव्या हातात कसं.

हळदवाला: नुसता शब्दांचा खेळ. पेपर धरा आरशासमोर, अक्षरं उलटी दिसतात का नाही ते सांगा.

कृष्णाकाठ: पेपर वाचताना तुमच्याकडं तोंड करून होता ना? आरशाला दाखवायला तुम्हीच फिरवला, दाराच्या फळीसारखा, म्हणून डावं-उजवं बदललं. खालची कड वर घेऊन फिरवा, अक्षरं खाली डोकं वर पाय दिसतील. नाहीतर पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने नाव लिहा आणि स्वतःला वाचता येईल असं धरा, आरशातपण सरळच.

कराडचा_गडी: मग अँब्युलन्सवर पुढं उलटं का लिहितात? आरसा उलटं करतो म्हणूनच की ओ.

मिरजकर: अँब्युलन्सचं निघालंच आहे तर ऐका. सांगली-मिरज रोडला वडिलांना घेऊन जाताना पुढची गाडी हलायला तयार नाही, ड्रायव्हर हॉर्न मारून दमला. उलटी अक्षरं असू द्या नाहीतर सुलटी, आरशात बघतंय कोण? अर्ध्या टू-व्हीलरचे आरसे काढून टाकलेले. कर्नाटकातून लोक पेशंट घेऊन मिरजेला येतात आणि शेवटच्या टप्प्यात अडकतात.

हळदवाला: रिकाम्या गाड्यापण सायरन लावून पळवतात, ते बोला.

मिरजकर: आत कोण आहे हे तुम्ही बाहेरून ठरवणार? २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात वाट न देण्याला १०,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. माझा बाप आत होता, रिकामी म्हणू नका.

हळदवाला: तुमच्या गाडीबद्दल नाही बोललो. तेवढं मागं घेतो. सायरनचं नाही घेत.

कृष्णाकाठ: कराडकर, तुमचं राहिलं. पुढच्या ड्रायव्हरची अँब्युलन्सकडं पाठ असते. मान वळवून बघितलं तर त्यालापण अक्षरं उलटीच दिसतात, कारण तो स्वतः वळला. आरशात बघताना तो वळत नाही, म्हणून ती सरळ वाचता येतात.

कराडचा_गडी: प्लास्टिकचं करून बघितलं, सरळ दिसतंय, मान्य. पण आरसा वर-खाली कधीच बदलत नाही, हे तरी खरं का नाही?

कृष्णाकाठ: तेही नाही. सांगलीत कृष्णेचं पाणी संथ असताना नदीच्या घाटावरून आयर्विन पूल बघा. पाणी आडवं पसरलंय म्हणून पूल उलटा दिसतो, पण सांगलीवाडीचं टोक जिकडं होतं तिकडंच. आरसा ज्या दिशेला तोंड करून असतो तीच एक दिशा तो फिरवतो.

मिरजकर: पूल बघा, आरसा बघा, पण उद्या गाडीवर बसताना काढलेले आरसे आधी परत लावा.