घरी रेकॉर्ड केलेली इलेक्ट्रिक गिटार माशीसारखी झ्झ्झ करतेय, पिकअप बदलू की प्लगइन घेऊ?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत वन बीएचके आहे, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ, त्यामुळे अ‍ॅम्प लावायचा प्रश्नच येत नाही, रात्री दहानंतर हेडफोन घालून रेकॉर्ड करतो. गिटार स्ट्रॅट टाइपची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे, एकेरी वेढ्यांचे). गिटार लॅपटॉपला जोडायला दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि खऱ्या अॅम्पची नक्कल करणारा फुकटातला अ‍ॅम्प सिम.

एकटी वाजवली की डिस्टॉर्शन भारी वाटतं, पण ड्रम आणि बेस चालू केला की गिटार कुठे जाते कळतच नाही, आणि आवाज वाढवला तर माशी बाटलीत अडकल्यासारखी झ्झ्झ करत कानात टोचते. क्लीन (डिस्टॉर्शन नसलेला) टोन उलट एकदम मेलेला, वर गोधडी टाकल्यासारखा. शिवाय मागे कायम घूंऽऽ चालू असतं. तीन महिने रोज नवीन प्रीसेट लावून बघतोय, काल चांगला वाटलेला आज वाईट वाटतो.

आठ हजार साठलेत. पिकअप बदलू, प्लगइन विकत घेऊ की अजून काही? आमच्या बँडची चार गाणी आहेत, स्वतःची, मराठीत. ती नीट रेकॉर्ड व्हावीत असं फार वाटतं म्हणून एवढं लांबण लावलंय.

खर्जातला

आठ हजार आहेत तिथेच राहू दे. आधी एक सांग, गिटारची केबल इंटरफेसच्या कुठल्या जॅकमध्ये जातेय आणि तिथलं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलंय का? काही इंटरफेसवर ते गिटारच्या चित्राने दाखवतात, काहींवर हाय-झी लिहिलेलं असतं.

क्लीन टोन गोधडी टाकल्यासारखा म्हणालास म्हणून मला तीच शंका येतेय. गिटारच्या पिकअपमध्ये हजारो वेढ्यांची बारीक तार असते, त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो आणि त्याला साधारण १ मेगाओमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट असतो बहुतेक १० किलोओमच्या आसपास, म्हणजे शंभरपट कमी. तिथे गिटार लावली की पिकअपवर ओझं पडतं आणि वरचा सगळा चकचकीतपणा तिथेच मरतो. एकदा गेला की पुढे ट्रेबल कितीही वाढव, तो परत येत नाही, नुसती खरखर वाढते. तू तेच करत असणार, ट्रेबल आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) दोन्ही चढवून.

दुसरं, लेव्हल. इंटरफेसचा गेन इतकाच ठेव की सगळ्यात जोरात स्ट्रम केलं तरी मीटर उणे १२ डीबीच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करतोयस, तेव्हा सिग्नल लाल दिव्यापर्यंत ढकलायची काही गरज नाही. इनपुटला क्लिप झालं तर ते फाटणं अ‍ॅम्प सिमच्या डिस्टॉर्शनमध्ये लपून बसतं आणि आपल्याला वाटतं प्लगइन वाईट आहे.

नाइट_रियाज

वरच्याशी सहमत. माशीबद्दल मी सांगतो कारण त्यात माझं अख्खं एक वर्ष गेलंय.

खऱ्या अ‍ॅम्पचा जो आवाज आपण ऐकतो त्यातला अर्धा स्पीकरचा असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो, म्हणजे डिस्टॉर्शनमधली ती कचकच तो स्वतःच गाळून टाकतो. अ‍ॅम्प सिममध्ये कॅबिनेटचा (कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा) भाग बंद असेल तर ती गाळणी नसतेच, मग माशीच ऐकू येणार. आधी कॅब चालू आहे का बघ. आणि उलटंही होतं बरं का, अ‍ॅम्प सिममध्ये कॅब आहेच आणि वरून आपण अजून एक आयआर (स्पीकर आणि माइकच्या आवाजाची छाप असलेली फाइल) लावतो, मग दोन स्पीकर एकामागे एक आणि आवाज पिंपातून आल्यासारखा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर वापरत असशील (फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि खरंच चांगला आहे) तर तिथे काही कॅप्चर (खऱ्या उपकरणाच्या आवाजाच्या नकला) नुसत्या अ‍ॅम्पचे असतात, काहींमध्ये कॅबसकट सगळं असतं, ते वाचूनच घे.

आयआर निवडताना त्यात माइक कुठे होता तेवढं बघ. शुअरचा एसएम५७ हा माइक १९६५ पासून आहे आणि आजही गिटारच्या कॅबसमोर बहुतेक तोच दिसतो. तो स्पीकरच्या कोनच्या (शंकूच्या) मधोमध धरला तर आवाज धारदार, कडेकडे सरकवत नेला तर मऊ होत जातो. दोन बोटं सरकवलं तरी एवढा फरक पडतो की ईक्यूने (जाड-बारीक भाग कमीजास्त करून) तसा आणायला जीव जातो. म्हणून आधी कडेच्या बाजूचा आयआर लाव, ईक्यूला नंतर हात लाव.

आता गेन. आत्ता जिथे आहे तिथून निम्मा कर. एकट्याने वाजवताना पोकळ वाटेल, वाटू दे. जास्त गेनमध्ये पिकचा टोला दबून जातो, सगळं एकाच पातळीला सपाट होतं, आणि मिक्समध्ये गिटार ऐकू येते ती त्या टोल्यामुळेच. एसी/डीसीच्या माल्कम यंगची र्‍हिदम नीट कान देऊन ऐक, किती कमी डिस्टॉर्शन आहे आणि तरी भिंत उभी राहते. अजून करकरीत हवं असेल तर अ‍ॅम्पचा गेन वाढवू नकोस, त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लाव, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. तो खालचा गाळ कापतो आणि मिड पुढे आणतो.

सहावी_तार

खर्जातला दादा, काय सांगू, बटण बंदच होतं! दोन वर्षं झाली इंटरफेस घेऊन. बटण दाबून नुसती क्लीन ई मेजर वाजवली आणि हेडफोन काढून घरच्यांना ऐकवली, एवढा फरक. तारांवर पिक घासल्याचा आवाजसुद्धा येतोय आता. गेनही निम्मा केला, कॅब चालूच होती पण माइक अगदी मधोमध होता, तो सरकवला, माशी बरीचशी गेली.

घूंऽऽ मात्र आहे, उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येतंय. तारांना हात लावला की कमी होतं, सोडला की परत.

वायरिंगवाला

तारांना हात लावल्यावर कमी होतंय म्हणजे गिटारमधलं ग्राउंडिंग बहुधा ठीक आहे, तुझं अंगच अँटेनासारखं आजूबाजूचं सगळं गोळा करतंय. हे क्रमाने करून बघ.

लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बॅटरीवर रेकॉर्ड कर. गुणगुण एकदम खाली गेली तर चोर सापडला. दोन पिनचा चार्जर असेल तर त्याला अर्थिंगच नसतं, लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात ना, त्या त्यामुळेच. टेक घेताना चार्जर काढून ठेवायचा, संपलं. तीन पिनचा असेल तर ज्या बोर्डात लावतोस तिथे अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखव, जुन्या बिल्डिंगमध्ये पिनचं भोक असतं पण मागे वायर नसते. आणि आवाज जातो म्हणून अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नकोस, जिवाशी खेळ आहे तो.

मग पंखा बंद कर. फिरवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर करंट तुकड्यातुकड्याने सोडतात, मधल्या स्पीडवर सिंगल कॉइलमध्ये खर्रर्र येतं. फुल स्पीडला बरेचदा येत नाही. डिमरचे दिवेही तसेच.

मग खुर्चीत बसल्याबसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिर. सिंगल कॉइल घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५० वगैरे पकडते पण दिशेप्रमाणे कमी जास्त. एक कोपरा असा सापडेल जिथे जवळजवळ शांत होईल, तिथे जमिनीला टेप लाव आणि रोज तिथेच बस. लॅपटॉपपासून हातभर लांब. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच असेल तर दुसरी आणि चौथी जागा बघ, मधलं पिकअप उलट वेढ्यांचं असेल तर तिथे हम (ती घूंऽऽ) कापला जातो. नॉइज गेट सगळ्यात शेवटी, तो फक्त सुरांमधली शांतता साफ करतो, सूर वाजत असताना हम आतच असतो.

जयू_बेस

मी बेस वाजवते म्हणून आमच्या बाजूने एक सांगते, गिटारवाले खालची जागा सोडतच नाहीत. गिटारच्या सहाव्या तारेचा ई सुमारे ८२ हर्ट्झ, त्याच्याखाली तुमच्या ट्रॅकमध्ये फक्त गडगडाट असतो. ८० ते १०० च्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, एकटी गिटार बारीक वाटेल पण बेस आणि किक मोकळे होतील आणि गिटारही लगेच पुढे येईल. वरून ८-९ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं कापणारा), उरलेली माशी तिथे जाईल.

र्‍हिदम दोनदा वाजवा, खरंच दोनदा, एक डावीकडे पूर्ण एक उजवीकडे पूर्ण. तोच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला तर रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. दोन वाजवण्यांत जो केसाएवढा फरक पडतो त्यातूनच ती रुंदी येते. त्यासाठी क्लिकवर (मेट्रोनोमवर) बसून रियाज लागतो, माझ्या मते आठ हजारांच्या कुठल्याही वस्तूपेक्षा हाच फरक मोठा.

आणि तारा कधी बदलल्यात? पावसाळा चालू आहे. तारेखालून बोट फिरवून बघा, फ्रेटच्या जागी खाचा लागल्या किंवा बोटावर काळी रेघ उठली तर त्या तारा गेल्या. अशा तारांवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) नीट लागत नाही, मग दोन ट्रॅक एकमेकांवर बसत नाहीत आणि आपण प्लगइन बदलत राहतो. नवीन तारा, बाराव्या फ्रेटला इंटोनेशन तपासून, प्रत्येक टेकआधी ट्यून.

हो, आणि दोन टोनची तुलना करताना आवाज सारखा ठेवा. जो मोठा असतो तो कानाला चांगलाच वाटतो, काल-आजचा तुमचा घोळ बहुतेक त्यातलाच आहे.

सहावी_तार

जयूताई, बोटावर काळी रेघ उठली. पाच महिने झाले होते तारांना. काल नवीन दहाचा सेट चढवला.

चोर चार्जरच होता, दोन पिनचा. खिडकीकडे पाठ करून बसलं की उरलेला हमही जातो, तिथे टेप लावलाय. पहिल्या गाण्याची र्‍हिदम दोनदा वाजवली, डावी-उजवी, गेन आधीच्या निम्म्याहून कमी. चौदा टेक लागले कारण दुसऱ्या कडव्यात मी दरवेळी क्लिकच्या पुढे पळत होतो, हे आधी डिस्टॉर्शनमध्ये कळतच नव्हतं. रात्री एक वाजता ड्रमबरोबर लावून ऐकलं आणि आमचं गाणं पहिल्यांदा गाण्यासारखं वाटलं. आमच्या ड्रमरला तेव्हाच पाठवलं, तो जागाच होता, त्याचा लगेच फोन आला.

पिकअप राहू देत. दुसऱ्या गाण्यात क्लीन आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवलेले) आहेत, तिथेही डबल करायचं का एकच मधे ठेवायचं?

जयू_बेस

क्लीनला एकच ठेवा, गाण्याच्या आवाजाच्या थोडं बाजूला. मधली जागा गाणाऱ्याची. कच्चा मिक्स झाला की इथे टाका, बेस मी ऐकून सांगते.