विजयदुर्ग १७५६: तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच कसं जळालं?

हर्णेकर:
१७२० साली इंग्रज आणि १७२४ साली डच विजयदुर्गावर येऊन हात हलवत परत गेले. मग १२ फेब्रुवारी १७५६ ला दुपारी सुरू झालेली लढाई १३ ला संध्याकाळी संपलीच कशी? पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं, हे कारण सगळे देतात. मला पाण्यावरचं विचारायचंय. गुराबा, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची तोफांची जहाजं होती, चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं होती. ती लढली का नाहीत?

वाघोटण:
कारण ती जागची हललीच नाहीत. १७५५ च्या अखेरीस इंग्रज कंपनीच्या आरमाराचा अधिकारी विल्यम जेम्स टेहळणीला आला, तेव्हाच आरमार किल्ल्याच्या आडोशाला ओढून घेतलेलं होतं आणि वरच्या डोलकाठ्या उतरवलेल्या होत्या. मोठी जहाजं तटाच्या अगदी जवळ नेता येतात, हे पाण्याची खोली पाहून त्याने मुंबईला कळवलं. हरायला सुरुवात तिथे झाली, असं माझं ठाम मत आहे.

आंग्र्यांची रीत आठवा. गुराबेचं बूड उथळ, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा, ९ ते १२ पौंडी. वारा पडला की गलबतं वल्ह्यांच्या जोरावर गुराब ओढत नेत आणि शत्रूच्या जहाजाला पाठीमागून गाठत. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंच्या तोफा निरुपयोगी. आधी शिडं-डोलकाठ्या तोडायच्या, जहाज पांगळं झालं की चारी बाजूंनी माणसं चढवायची. याला मोकळा दर्या लागतो आणि पडलेला वारा लागतो. खाडीत बांधून ठेवलेल्या आरमाराला दोन्ही मिळत नाहीत.

इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याने उलट केलं. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटल्यावर त्याची जहाजं खाडीत शिरली. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी, म्हणजे ५० ते ७० तोफांची लढाऊ जहाजं. किल्ल्याच्या उत्तर अंगाला तटापासून जेमतेम ५० यार्डांवर नांगर टाकले आणि सुमारे दीडशे तोफा एकदम सुरू केल्या. गोळा उंच उडवून वरून टाकणाऱ्या उखळी तोफांची जहाजं वेगळ्या रांगेत, या मोठ्या जहाजांच्या आड. त्यातला एक कुलपी गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हे जहाज तुळाजींनी १७४९ मध्ये कंपनीकडून जिंकलं होतं. कुलपी गोळा पोकळ, आत दारू, वात जळत आली की फुटतो. सागाची फळी, फटींत भरलेला कापूस, वर राळ आणि तेल. आणि सगळी जहाजं एकमेकांना बांधलेली! तासाभरात आरमार संपलं. दोर कापून सुटणाऱ्यालाही पुरी शिडं चढवायला डोलकाठी तयार नव्हती.

हर्णेकर:
पण रात्री जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर निघता आलं नसतं का?

वाघोटण:
११ तारखेपर्यंत आलं असतं. त्या दिवशी इंग्रज आरमार समोर आलं आणि तोंड अडलं. त्याआधी निघून जायचं तरी कुठे? सुवर्णदुर्ग गेलेला, अंजनवेल-गोवळकोट पेशव्यांच्या फौजेने घेतलेलं. कुलाब्याला मानाजी आंग्रे, त्यांच्याशी वैर. किनाऱ्यावर आसऱ्याला बंदर उरलं नाही की गलबत कितीही चपळ असो, पाणी आणि दारूगोळा कुठे भरणार?

केळशीची पुळण:
हर्णेकर, तुमच्या समोरच्या सुवर्णदुर्गाची गोष्ट यात जोडा. एप्रिल १७५५ मध्ये जेम्सच्या 'प्रोटेक्टर' जहाजाने आणि सोबतच्या उखळी तोफांच्या जहाजांनी तो घेतला. आत एक गवताने शाकारलेलं घर कुलपी गोळ्याने पेटलं, आग पसरली आणि दारूचं कोठार उडालं. म्हणजे हे हत्यार काय करतं ते दहा महिने आधी दिसलं होतं. गुराबा विखरून ठेवणं, दोन जहाजांत अंतर राखणं, तेवढं तरी व्हायला हवं होतं. तिहेरी तट लोखंडी गोळा अडवतो. वरून येणाऱ्या कुलपी गोळ्यापुढे तटाची जाडी कामाची नाही.

शिवाय तुळाजी किल्ल्यात नव्हते. किल्ला नातलगावर सोपवून ते पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. ज्याच्या हुकमाने सगळं चालायचं तोच बाहेर, आणि शरण जायचं की लढायचं हे ठरवायचं आत उरलेल्यांनी.

वाघोटण:
बरोबर. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून वीसच्या आसपास, यावरूनच आतला प्रतिकार किती विस्कळीत होता ते कळतं. उंच तटावरच्या तोफेचं तोंड पायथ्याशी नांगरलेल्या जहाजाकडे फार झुकवता येत नाही, हेही त्यात आलं.

आणि क्लाइव्ह १२ च्या रात्रीच फौज घेऊन जमिनीवर उतरला तो किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मधोमध, म्हणजे मराठ्यांनी आधी आत शिरू नये म्हणून! लुटीची वाटणी मुंबईतच ठरली होती, त्यात पेशव्यांचा हिस्सा नव्हता. सुमारे दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला तो ऑक्टोबरच्या तहाने, बाणकोट देऊन. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख धुळप यांनी तिथेच नव्याने गलबतं बांधली.