परत नांदायला गेले म्हणजे सगळं माफ केलं असं होतं का?

सातारची मोठीताई:
लग्नाला 19 वर्षं झाली. नवऱ्याला दारूचं व्यसन नाही, बाहेरची भानगड नाही. पण चारचौघांत माझी अक्कल काढायची, महिना-महिना अबोला धरायचा आणि माझा पगार झाला की कार्ड काढून घ्यायचं. दोनदा माहेरी आले, दोनदा परत गेले. दुसऱ्यांदा लेकाच्या दहावीसाठी. गेल्या दिवाळीनंतर मात्र आले ती आलेच. घटस्फोट नको. सासूबाई अंथरुणाला आहेत, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. वेगळं राहायला कोर्टाचा हुकूम हवा, एवढंच. वकील म्हणतात न्यायिक विभक्ततेचा अर्ज करू. पण मीच परत गेले, त्याचं काय?

भांडकुदळ:
हिंदू विवाह कायद्यात कलम 10 (न्यायिक विभक्तता) आणि कलम 13 (घटस्फोट) ची कारणं 1976 पासून सारखीच आहेत. दोन-दोनदा कोर्टाची पायरी कशाला? काडीमोडच मागा.

निवृत्त कारकून:
त्यांना नकोय म्हणतात ना! ताई, तुमचा प्रश्न दास्ताने खटल्यात आला होता, 1975 साली. बायकोची क्रूरता सिद्ध झाली, पण त्यानंतरही दोघं नवरा-बायकोसारखी राहिली, म्हणून सुप्रीम कोर्टाने ती माफ झाली असं धरलं आणि अर्जदार नवरा हरला. मात्र ही माफी सशर्त असते. पुन्हा तसंच वागणं झालं तर जुनंही उकरता येतं. म्हणून परत गेल्यानंतरचे प्रसंग तारखांसकट लिहा. नुसतं 'छळ केला' म्हणून भागत नाही.
आणखी एक. हुकूम झाला तरी तुम्ही बायकोच राहता, पोटगीही मागता येते. पण त्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर घटस्फोट तोही मागू शकतो. ज्याची चूक ठरली तोसुद्धा.

सातारची मोठीताई:
हे शेवटचं वकिलांनी सांगितलंच नव्हतं. उद्या विचारते.
पैशांच्या तारखा बँकेच्या मेसेजमध्ये सापडल्या. अबोल्याच्या कुठून आणू, याच विचारात होते. मग आठवलं, कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायचे, तिथेच कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हे बोलले नाहीत' लिहायची सवय होती. कॅलेंडरं त्या घरात, माळ्यावर. लेकाला फोटो काढून पाठवायला सांगितलंय.