प्रति: खोकल्याचा जोर कानाला कळतो का?

अनुभवी कानाला खोकल्याचा जोर लगेच कळतो, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. अर्धंच खरं. कफ खरखरतोय का, हे कान बऱ्यापैकी ओळखतो. जोराच्या बाबतीत मात्र फसतो. आवाज बराचसा ठरतो स्वरतंतू किती घट्ट मिटून किती झटक्यात उघडतात यावर, आणि कफ बाहेर पडतो हवेच्या वेगाने. पोटाचे स्नायू दुबळे पण स्वरतंतू ठीक, असा पेशंट खणखणीत खोकू शकतो आणि तरी कफ जागचा हलत नाही.

हा वेग मोजायला साधं पीक फ्लो मीटर (जोरात सोडलेल्या हवेचा सर्वाधिक वेग दाखवणारं हातात धरायचं यंत्र) आणि नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क पुरतो. पेशंटला ताठ बसवा, छाती भरून श्वास घ्यायला लावा, मग एकच जोरकस खोकला. तीन ते पाच प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा धरा. निरोगी प्रौढांत तो मिनिटाला साधारण ३६० लिटरच्या वर असतो. स्नायूंच्या आजारात २७० च्या खाली आला की सर्दी-तापातही कफ अडकायची भीती. १६० च्या खाली खोकला जवळपास निरुपयोगी.

आकडाही डोळे झाकून घेऊ नका. दाढीमुळे किंवा दात नसल्याने मास्क गालाशी गळतो आणि आकडा उगाच कमी येतो. काही जण खोकण्याऐवजी नुसते फुंकतात. इथे मात्र कान हवाच: ठसका ऐकू आला नाही तर तो प्रयत्न बाद. शिवाय प्रौढांच्या बऱ्याच मीटरची पट्टी ६० पासून सुरू होते, म्हणून फार अशक्त पेशंटला लहान मुलांचं मीटर लावा.