बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधून निघालेला धूर

प्रश्न: १९८४ च्या ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता योजनेत शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकांपैकी एक आमच्या अडगळीत सापडला. तो सुरू करताच आधी घोगरा, मग बारीक असा ओळखीचा आवाज आला आणि पडद्यावर ‘३२के’ (म्हणजे ३२ किलोबाइट मेमरी) उमटले. मात्र दहा मिनिटांनी ‘फट्’ आवाज होऊन उग्र वासाचा धूर निघाला. तरीही यंत्र चालूच होते. हे कशाने होते?

उत्तर १: हा बहुधा मेन्स फिल्टरचा, म्हणजे भिंतीतून येणारी वीज गाळणाऱ्या भागाचा, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा सुटा भाग) असावा. त्याच्या पारदर्शक वेष्टनाला वयोमानाने तडे जातात, दमटपणा आतल्या कागदात मुरतो आणि तो जळतो. त्याचे काम केवळ विजेतला गोंगाट गाळण्याचे असल्याने यंत्र बंद पडत नाही. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर बदलावेत, आणि तेही एक्स२ वर्गाचे (थेट मेन्सच्या तारांमध्ये जोडण्यासाठीच बनवलेले), २७५ व्होल्ट एसीचेच. दुकानदार साधा डीसी कपॅसिटर पुढे करील, तो घेऊ नये.

उत्तर २: प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात. मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नये.

प्रश्नकर्ता: दोन्ही बदलले. जुन्याच्या कुशीतून तपकिरी, चिकट राळ ओघळलेली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. वास मात्र अजून गेलेला नाही.