बफेलो बिल्स मोठे कशामुळे? गाण्यामुळे की सिनेमामुळे?

खर्जप्रेमी
काल इथे एकाने लिहिलं की बफेलो बिल्स ही बार्बरशॉप (वाद्यांशिवाय चार आवाजांत जुळवून गायचा अमेरिकन प्रकार) गाणारी चौकडी म्हणजे 'द म्यूझिक मॅन' या संगीत नाटकातले आणि त्यावरच्या सिनेमातले शाळा-समितीचे चार गमतीदार गृहस्थ, सिनेमा नसता तर त्यांना कुणी विचारलं नसतं. हे वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

चौकडी १९४७ची, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची. (त्याच नावाच्या फुटबॉल संघाशी गल्लत नको.) १९५० साली अमेरिकेतल्याच ओमाहाला त्यांनी बार्बरशॉप संस्थेचं आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. टेनर (सगळ्यांत वरचा आवाज) व्हर्न रीड, लीड (मुख्य चाल गाणारा) अल शे, बॅरिटोन (मधला, कॉर्ड पुरी करणारा) डिक ग्रेप्स, बास (खर्जातला) बिल स्पॅन्गेनबर्ग. नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं १९ डिसेंबर १९५७ला आणि सिनेमा १९६२ला. म्हणजे नाटकाला सात वर्षं असतानाच ते अजिंक्य होते. नाटकात एकमेकांचं तोंड न बघणारे चौघे एका क्षणात सुरात येतात. ते प्रेक्षकाला पटायचं तर कॉर्ड (एकाच वेळी लावलेले चार सूर) पहिल्याच फटक्यात जुळली पाहिजे, आणि ते काम तालमीत शिकवलेल्या नटांचं नव्हे. म्हणून तयार चौकडी उभी केली. सिनेमाने त्यांना मोठं केलं नाही, ते मोठे होते म्हणून तिथे गेले.

झिलकरी
तारखा बरोबर, निष्कर्ष चूक. १९५०च्या आधी आणि नंतर दर वर्षी कुणीतरी अजिंक्य झालंच आहे. १९३९चे बार्टल्सव्हिल बारफ्लाइज, १९५१चे श्मिट ब्रदर्स ही नावं बार्बरशॉपच्या बाहेर कुणाला ठाऊक आहेत? बिल्सची आहेत, कारण ते नाटक १,३७५ प्रयोग चाललं.

आणि जे तुम्ही शिताफीने गाळलंत ते सांगतो. ब्रॉडवेवर ग्रेप्स नव्हताच. बॅरिटोन स्कॉटी वॉर्ड होता. नाटकाची ध्वनिमुद्रिका आणि सिनेमा दोन्हींत वॉर्ड आहे. लोकांनी ऐकलेली चौकडी ही ओमाहात जिंकलेली चौकडी नाही. पुढे १९६३ला स्पॅन्गेनबर्ग वारला, त्याच्या जागी जिम जोन्स गायला आणि १९६७ला चौकडी थांबली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकले ते फक्त रीड आणि शे. मग 'बफेलो बिल्स मोठे' म्हणताना नेमके कोणते चौघे म्हणता?

दक्षिणरंग
दोघेही 'अजिंक्य' हा शब्द फार सहज वापरताय. १९४१ साली न्यूयॉर्कची बार्बरशॉप स्पर्धा ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स या कृष्णवर्णीय हमालांच्या चौकडीने जिंकली. सेंट लुईसच्या राष्ट्रीय स्पर्धेत बार्बरशॉप संस्थेने त्यांना उभं राहू दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि तिथले उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. संस्थेची दारं अधिकृतपणे उघडली ती १९६३ला. ज्या गाण्याची मुळं कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या चौकड्यांत आहेत, लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर जे गायला, त्याची स्पर्धा त्यांनाच वगळून व्हायची. १९५०चं पदक त्याच स्पर्धेचं आहे.

खर्जप्रेमी
ते नियम या चौघांनी केले नव्हते. प्रत्येक धागा तिथेच ओढून नेलात तर गाण्यावर बोलायचं कधी? वगळलं गेलं हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे, मान्य. पण त्याने ओमाहात लागलेला सूर बेसूर होत नाही.

दक्षिणरंग
बेसूर कोण म्हणालं? कुणाकुणाविरुद्ध जिंकले, एवढंच विचारलं.

जवारी
बॅरिटोन बदलला तर काय बिघडतं ते आकड्यांत बघा. बार्बरशॉपचा जीव सेव्हन्थ कॉर्डमध्ये (षड्ज, गंधार, पंचम आणि उतरलेला निषाद, ज्याला इथे 'सातवा' म्हणतो), आणि तिच्या सुरांच्या कंपनसंख्या ४:५:६:७ या प्रमाणात लावायच्या. षड्ज ११० हर्ट्झ धरला तर गंधार १३७.५, पंचम १६५ आणि सातवा १९२.५. पेटीवर हेच सूर साधारण १३८.६, १६४.८ आणि १९६ येतात. आता उपस्वर तपासा, म्हणजे प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे जे बारीक सूर ऐकू येतात ते. षड्जाचा पाचवा उपस्वर ५५०, पेटीच्या गंधाराचा चौथा ५५४.४, म्हणजे दोन्ही न जुळल्याने आवाज सेकंदाला चारेक वेळा कमीजास्त होतो, चारेक ठोके पडतात. षड्जाचा सातवा उपस्वर ७७०, पेटीच्या निषादाचा चौथा ७८४, म्हणजे चौदा ठोके. तिथे कॉर्ड थरथरते, रिंग (उपस्वर जुळले की घुमणारा झंकार) येतच नाही. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्याने ऐकलाय त्याला गंधाराचा हा भाग लगेच कळेल. सातवा सूर मात्र आपल्या कानाला उतरलेलाच वाटणार, कारण ९:५चा कोमल निषाद त्याहून जवळजवळ ४९ सेंट (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट), म्हणजे अर्धी पट्टी वर आहे. हा सूर पुष्कळदा बॅरिटोनच्याच वाट्याला येतो.

पेटीवाला
आला पुन्हा पेटीचा उद्धार! आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं ते याच युक्तिवादांवर. या चौकड्या सूर घेतात कुठून? पिच पाइपमधून (सूर देणारी छोटी शिट्टी), आणि ती पेटीसारखी समान अंतरांचीच असते. शिवाय प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावत गेलात तर चार ओळींत षड्जच सरकतो. गाणं संपेपर्यंत पट्टी खाली आलेली असते.

जवारी
पिच पाइप फक्त षड्ज देते, पुढचं सगळं कानावर. आणि पट्टी का सरकते तर लीड बाकीच्यांच्या मागे जातो म्हणून. लीडने चालीचे सूर आपल्या जागी धरायचे, तिघांनी त्याच्याभोवती जुळवून घ्यायचं. तालमीत कॉर्ड खालून बांधतात. आधी बास आणि लीड, मग पंचम, मग गंधार, सातवा शेवटी. बास सगळ्यांत भरदार, टेनर सगळ्यांत हलका. टेनर वरच्या गंधारावर जोर लावायला लागला की सूर चढतो आणि रिंग गेली. कंप तर अजिबात नको, सूरच हलता असेल तर उपस्वर एकमेकांवर बसणार कसे? उच्चारातला स्वरही (अ, आ, इ) एकच हवा. तिघे 'आ' आणि चौथा 'ऑ' गायला की आकडे बरोबर असूनही आवाज चार माणसांचाच राहतो. 'आइ'सारख्या जोडस्वरात तर चौघांनी 'इ'कडे वळायचं तेही एकाच क्षणी.

पेटीवाला
लीडबद्दलचं ठीक आहे, तेवढं घेतो. पण मग लीडची चाल पेटीच्या सुरांजवळच राहते, हेही तुम्हीच सिद्ध केलंत.

झिलकरी
या सगळ्यातून माझाच मुद्दा पक्का झाला. बॅरिटोनचा सातवा कॉर्ड ठरवत असेल, तर ग्रेप्सची चौकडी वेगळी आणि वॉर्डची वेगळी. खर्जप्रेमी, नाटकाआधीच ते अव्वल होते हे मी नाइलाजाने का होईना मानतो. आता तुम्ही सिनेमातलं गाणं १९५०चा पुरावा म्हणून देणं थांबवा.

खर्जप्रेमी
थांबवतो. पण रीड, शे आणि स्पॅन्गेनबर्ग दोन्हीकडे तेच आहेत. वॉर्डला येऊन बसायला तयार कॉर्ड मिळाली, ती ओमाहाच्या तिघांनी बांधलेली होती.