वैऱ्यासाठी प्रार्थना: नेमकं मागायचं काय?

कांजूर_पूर्व: बायबलमधलं मत्तय 5:44 (‘वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा’) तोंडपाठ आहे. पण वरच्या मजल्यावरचा माणूस गळती दुरुस्त करत नाही, वर सोसायटीच्या ग्रुपवर खोटंनाटं लिहितो. अशा माणसासाठी रोजच्या प्रार्थनेत शब्द कुठले वापरायचे? ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ म्हटलं की राग उलट चढतोच. आणि एकीकडे प्रार्थना, दुसरीकडे लेखी तक्रार, हे चालतं का?

माहीम_स्लो: ‘सुबुद्धी दे’ इथेच गाडी घसरते. ती प्रार्थना नव्हे, देवाकडे केलेली चहाडी.

आधी मिनिटभर राग सरळ बोलून टाका. त्यासाठी स्तोत्र 109 आहे. त्यात वैऱ्याची मुलं पोरकी होवोत इथपर्यंत मजल जाते. (कॅथलिक प्रहर-प्रार्थनेच्या, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांच्या, नव्या मांडणीत 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं गाळली. बायबलमध्ये मात्र ती आहेतच.) शिव्याशाप देवापुढे ठेवले की ते ग्रुपवर टाकायची खाज कमी होते.

मग त्याचं नाव घ्या. ‘तो वरचा’ नको, पूर्ण नाव. आणि स्वतःसाठी मागता तेच त्याच्यासाठी मागा: आईची शुगर आटोक्यात राहू दे, मुलाची दहावी नीट पार पडू दे. त्याच्या सुधारणेचा विषय पहिले काही आठवडे काढूच नका.

शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, सावकाश. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना त्या ‘आमची’त त्यालाही धरा. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. जास्त ताणलं की मन जुनी उणीदुणी उगाळायला लागतं. स्लो लोकलमध्ये दादर ते माहीम एवढ्यात सहज होतं.

प्रेम वाटेपर्यंत थांबू नका. लूक 6:27-28 मध्ये चार गोष्टी सांगितल्यात: प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. कुठूनही सुरुवात करता येते.

गिरगाव_खाडिलकर_रोड: तक्रार जरूर करा. येशूचा प्रेषित पौल याने छळणाऱ्यांना आशीर्वाद द्यायला सांगितलं (रोम 12:14) आणि स्वतःवर खटला आला तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दादही मागितली (प्रेषित 25:11). मनाई सुडाला आहे. अर्जात तारखा, ओलीचे फोटो, प्लंबरचा अभिप्राय एवढंच ठेवा; ‘उद्धट’, ‘नालायक’ हे शब्द खोडा. अर्ज प्रार्थनेनंतर लिहिला तर ते आपोआप गळतात, असा अंदाज.

रोम 12:20 मधल्या ‘निखाऱ्यांची रास’ने फार लोक फसतात. प्रार्थनेने त्याच्या डोक्यावर निखारे पडतील म्हणून खूश होणं म्हणजे सूडच, फक्त देवाच्या हातून. त्याच ओळीत वैऱ्याला जेवू घाला, पाणी पाजा असं आहे, तिकडे बघा.

वसई_लोकल: एक राहिलं. प्रार्थना-मंडळात त्याचं नाव सांगून ‘यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणू नका, अर्ध्या तासात कहाणी चर्चच्या फाटकापर्यंत जाते. ‘एका शेजाऱ्यासाठी’ म्हटलं तरी देवाला कळतं.

आणि मारहाण किंवा धमकी असेल तर आधी 112, सुरक्षित जागा, मग प्रार्थना. क्षमा म्हणजे पुन्हा त्याच घरात जाऊन राहणं नव्हे.

कांजूर_पूर्व: जिन्यात समोर आला तर?

माहीम_स्लो: निर्गम 23:5 बघा. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर हात लावायचा. तुमच्याकडे गाढव नाही, लिफ्ट आहे. दार धरा.